ओळीतल्या चपला

पिंपळे गुरवला नातीला शाळेत सोडायला जाते, तेव्हा दारातली इवल्या चपलांची ओळ दिसली की मी अजूनही नजर वळवते.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. मी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करत होते. सरावासाठी चिंचवडच्या कामगारवस्तीतली बालवाडी मिळाली होती. एका मुलाची रोज वहीत नोंद ठेवायची होती. मी चार वर्षांची शोभा निवडली. तिची आई बाळंतपणाला बीडकडे, माहेरी गेली होती. शोभा चपला काढायचीच नाही. "आई आली की लगेच जायचंय," म्हणत दाराशी बसून रडायची.

एका सकाळी तिनं आपणहून चपला काढल्या, ओळीत नीट लावल्या आणि माझ्याशेजारी बसून खळीनं कागद चिकटवू लागली. रडली नाही. मला वाटलं, ही माझी कमाई. वहीत लिहिलं, 'मूल रुळले.' त्या दिवशी पाहणीला आलेल्या आमच्या कोर्सच्या बाईंनी लाल शाईत शेरा दिला, 'उत्तम.'

शाळा सुटल्यावर तिचे वडील न्यायला आले. पंधरा दिवसांनी दिसत होते; तोवर शेजारीणच तिची ने-आण करत होती. डोक्याचा गोटा केलेला.

"बाई, पोरगी लई रडली का आज?" त्यांनी हळूच विचारलं. "काल गावाकडनं आलो अन् सांगून टाकलं तिला, आई आता येणार न्हाई म्हणून."

"नाही रडली," मी म्हटलं. शोभानं चपला उलट्या घातल्या होत्या. त्या सरळ करायला मी खाली वाकले, आणि मला काही केल्या वर बघवेना.