तात्यांच्या शोकेसची काच

मला काच कापता येते.

(हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या हकिकतीत त्याला कुठेही आधार सापडणार नाही.) मी कुपवाडच्या एका कारखान्यात ऑफिसात बसतो. या हातांनी आजवर केलेलं सर्वांत अवघड काम म्हणजे स्टेपलरमध्ये पिना भरणं. पण मोबाइलवर काच कापायचे सात व्हिडिओ पाहिले आणि अंगात वारं शिरलं!

कारणही तसंच होतं. माझे वडील, तात्या, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची मेडलं इतकी वर्षं ट्रंकेत होती. कुणी विचारलं की म्हणायचे, "त्या काय दाखवायच्या वस्तू हाईत व्हय?" पण त्यांच्या पलटणीतले जुने दोस्त रविवारी चार वाजता सांगलीला आमच्या घरी येणार असं ठरलं, आणि तात्या हळूच म्हणाले, "शोकेसात लावली तरी चालतील." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं! शोकेस तयार होतं, मेडलंही आत लावून झाली होती. फक्त पुढची काच नव्हती.

शनिवारी मी दुकानातून पाच फुटी भलीमोठी काच घेतली. दुकानदार म्हणाला, "माप सांगा, कापून देतो."

"नको! घरी हातानं कापणार आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं. काचेकडे जरा जास्तच मायेनं पाहिलं. टेम्पोत काच धरून मी घरी पोहोचलो तर बायको, सुनीता, दारातच उभी.

"आवं, त्यो कापून देत व्हता न्हवं? मग घ्यायची की!"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"तुमाला कळतंय का तेवढं बगा!"

रविवारी जेवणं उरकली आणि मोहीम सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर मेंढीच्या लोकरीचं जाड जेन अंथरलं. मदतीला धाकटा भाऊ संजय होता, तोही फौजेत, रजेवर आलेला. त्याने क्रिकेटचे ग्लोव्हज चढवले. मी सुनीताचे, स्कूटरवर घालायचे, कोपरापर्यंतचे गुलाबी हातमोजे घातले. (फुलाफुलांचे होते. हसू नका, काच कुणाचीही गय करत नाही.) तात्या खुर्ची टाकून समोर बसले, इस्त्रीच्या शर्टात, मिशीला पीळ देऊन.

पहिला काप बाजूच्या चार बोटं रुंद पट्टीचा. मी हिरकणी, म्हणजे टोकाला हिरा बसवलेलं ते पेनासारखं हत्यार, रॉकेलात बुडवली आणि सरळ लाकडी पट्टीच्या कडेने ओढली. कर्र्र! मग काच टेबलाच्या काठावर आणून दाबली. टक्! काचेची पट्टी सरळ सुटून हातात आली!

"शाब्बास!" तात्या म्हणाले.

दहावीनंतर हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला एकदम वाटलं, कारखाना सोडावा आणि सबंध सांगलीच्या खिडक्या अंगावर घ्याव्यात.

आता दुसरा काप, सगळ्यांत लांब. रेघ झकास उठली. टेबलाबाहेर आलेल्या भागाचं एक टोक मी धरलं, दुसरं संजयनं. दोघांनी एकाच क्षणी दाबायचं, एवढंच बाकी होतं.

"दादा, कवा दाबायचं?" संजय म्हणाला.

तात्या उभे राहिले. "माझ्या हुकमावर! मी मोजतो. घाई करायची न्हाई!"

मी श्वास रोखला. सुनीतानं डोळे मिटले.

"एक... दो-तीन..."

तीन म्हटल्यावर माणूस काय करतो? मी दाबलं!

"...एक!" तात्या गरजले, आणि मग संजयनं दाबलं.

फौजेच्या कवायतीत 'दो-तीन' म्हणजे दम धरायचा आणि 'एक'ला हलायचं. हे संजयला ठाऊक होतं, तात्यांना ठाऊक होतं. जन्मभर फौजीच्या घरात राहून ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला! माझ्या टोकाकडून चीर निघाली, रेघेवर वीतभर चालली आणि मग तिला भलतीकडेच, गावाच्या दुसऱ्या टोकाला विश्रामबागेकडे, काहीतरी काम आठवलं. खळ्ळ! काचेचे अकरा तुकडे.

कुणाला लागलं नाही. तात्यांनी तेवढं पाहिलं आणि खाली बसले. "जाऊ द्या," म्हणाले. "मेडलं ट्रंकेत घाला परत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकान रविवारचं बंद, घड्याळात तीन. पण सुनीतानं पदर खोचला. "काय न्हाई घालायचं ट्रंकेत! ऱ्हाऊ दे तशीच. म्होरं चहाचं टेबल लावते, जवळ कोण जातंय?"

चारला मंडळी आली. शिरवळचे हवालदार रामभाऊ सगळ्यांत पुढे. मेडलं पाहून त्यांचे डोळेच भरून आले. तात्या सगळ्यांना एकेक मेडल लांबूनच बोटाने दाखवत होते. मग रामभाऊ टेबलावरून वाकले.

"सुभेदारसाब, काच कसली पुसलीय हो! हाय का न्हाई, कळंना!"

मी छताकडे पाहिलं.

"आमच्या थोरल्यानं कापलीया," तात्या छाती काढून म्हणाले. "घरात. हातानं!"

तेवढ्यात एक माशी आली आणि खुशाल मेडलावर बसली.

"आन ही माशी आत कशी गेली?" रामभाऊंनी विचारलं.

"काच बसवायच्या आधीपासनं हाय ती," तात्या म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही.

"मग माझ्याबी दाराला सहा फुटी काच पायजे. ह्यो गडीच पाठवा शिरवळला!"

"पाठवतो की!"

मंडळी गेल्यावर मी हळूच विचारलं, "तात्या, खोटं का बोललात?"

"मोजणी माझी व्हती," ते म्हणाले आणि चहाचा कप उचलून आत गेले. मी कोपऱ्यात पडलेल्या गुलाबी हातमोज्यानेच डोळे पुसले.

शिरवळला मी अजून गेलेलो नाही. पुण्याच्या बसमध्ये ते गाव आलं की तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपतो. शोकेसलाही अजून काच नाही. सुनीता रोज सरळ आत हात घालून मेडलं पुसते. पण पाहुणे फार जवळ गेले, तर मीच लांबून ओरडतो, "जरा जपून हं! काचेवर बोटं उमटतात!"