सहाव्या मजल्यावरची नदी

काका-काकू माझ्या नात्यातले नव्हते. भवानीपुरात आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो, ते तिसऱ्या. एकाच जिन्यावर दोन मराठी घरं म्हणजे इथे कोलकात्यात नातंच. काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे शाळेतून आल्यावर माझं अर्धं खाणं त्यांच्याकडेच व्हायचं. काकांनी सगळी नोकरी बंदरात काढली. लाँचमधून फिरून हुगळीची खोली मोजायची, गाळ कुठे सरकलाय त्याचे नकाशे करायचे, हे त्यांचं काम. आज भरती किती वाजता, हे ते जेवता जेवता सांगायचे आणि आम्ही सगळे हसायचो, कारण भवानीपुरात बसून भरतीचं करायचं काय?

निवृत्तीनंतर काकांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आमचा जिना अरुंद आणि उंच. दीड वर्षात ते फक्त दवाखान्यासाठी खाली उतरले, तेही खुर्चीत बसवून दोघांनी धरून. शेवटी काकूंनी ठरवलं की लिफ्ट असलेलं घर घ्यायचं. काकांनी एकच अट घातली, "खिडकीतून नदी दिसायला हवी. बाकी तू बघ."

मी तेव्हा एका छोट्या डिझाइन ऑफिसात होते. आमची जवळजवळ सगळी कामं बिल्डरांची. होर्डिंग, ब्रोशर, नकाशे, साइटच्या पत्र्यांवरची चित्रं. हावड्याच्या बाजूला, नदीपासून थोडं आत, एक गृहसंकुल उभं राहत होतं आणि त्याचं ब्रोशर माझ्याकडे आलं होतं. शेजारच्या कारखान्याचे गंजके पत्रे मी पुसले, विजेच्या तारा काढल्या, झाडं लावली. आमचे साहेब पाठीमागे उभे राहून म्हणाले, "गंगा को थोडा पास लाओ ना." हुगळीला इथे सगळे गंगाच म्हणतात. मी फेरीबोटीतून काढलेला एक फोटो घेतला आणि गंगा जवळ आणली. संध्याकाळचं केशरी पाणी थेट बाल्कनीच्या कठड्याला टेकलं. काम छान झालं होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. खाली एक बारीक ओळ होती, चित्र काल्पनिक असल्याची. तिचा फिकट करडा रंग मीच निवडला होता.

साइट प्लॅनही मीच केला. इमारत आणि नदी यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर दुसरी इमारत येणार होती. मूळ नकाशात ती आखलेली होती. "ती अजून जाहीर केलेली नाही, तिथे हिरवळ दाखव," असा निरोप आला. मी हिरवळ दाखवली, वर दोन बाकंही ठेवली.

एका रविवारी सकाळी काकू तेच ब्रोशर घेऊन आमच्याकडे आल्या. आई चहा टाकायला आत गेली. काकूंनी टेबलावरचे कप सरकवले, ब्रोशर पसरलं आणि म्हणाल्या, "हे तूच केलंयस ना गं? गणपतीत मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या पोरीने केलंय म्हणून. आता खरं सांग, सहाव्या मजल्यावरून नदी दिसेल? यांना कसं नेऊन दाखवू मी?"

मी हिरवळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिसेल, काकू."

हे मी का म्हणाले, याची उत्तरं मी नंतर पुष्कळ शोधली. ऑफिसातली गोष्ट बाहेर सांगायची नसते, हे एक. काकूंच्या चेहऱ्यावरचं कौतुक मोडवलं नाही, हे दुसरं. पण त्या क्षणी मनात जे आलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, दुसरी इमारत उभी राहायला चार-पाच वर्षं जातील, आणि तोपर्यंत काका... पुढचं वाक्य मी मनातही पूर्ण केलं नाही. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

काका जगले. नव्या घरात तर ते सुधारले. काकू त्यांची खुर्ची सकाळीच खिडकीशी लावायच्या. मी गेले की ते डाव्या हाताने बोट दाखवून सांगायचे, "ओहोटी लागली बघ." ते दिवस चांगले होते. मीही तिथे निवांत बसायचे, जणू मी काही वाईट केलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी समोर पत्रे लागले. मग खड्डा, मग खांब. काकूंचा फोन आला, "अगं, हे काय बांधतायत? तिथे बाग होणार होती ना?" मी म्हणाले, चौकशी करते. चौकशी कसली करणार? त्या नव्या इमारतीचं ब्रोशर तेव्हा माझ्याच टेबलावर होतं. त्यात मला काही खोटं करावं लागलं नाही. तिथून नदी खरंच समोर दिसत होती.

काकांनी आयुष्यभर मोजमाप केलेलं. ते एकेक स्लॅब मोजत होते. तिसरा स्लॅब पडला तेव्हा घाट गेला. पाचवा पडला तेव्हा पाणी गेलं, पलीकडची कोलकात्याची कडा फक्त राहिली. मग तीही गेली आणि खिडकीत विटा आल्या. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी खुर्ची टीव्हीकडे वळवली होती.

त्या दिवशी मला राहवलं नाही. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी काकांच्या समोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काका, मला हे माहीत होतं. नकाशात ही इमारत होती. मीच त्यावर हिरवळ काढली."

काकांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, त्यामुळे ते रागावलेत की नाही, कळत नव्हतं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मग... सांगितलं... का नाहीस? उत्तरेच्या टोकाचा... घेतला असता. तिथून... तिरकी दिसते. कायमची."

मी बाहेरच्या सामाईक गॅलरीत जाऊन पाहिलं. खरं होतं. त्यांच्याच मजल्यावर, चार दारं पलीकडे, उत्तरेच्या टोकाच्या फ्लॅटपाशी उभं राहिलं की नव्या इमारतीच्या कडेने नदीचा मोठा तुकडा दिसत होता. तेवढंच क्षेत्रफळ, तीच किंमत. काकूंनी घर घेतलं तेव्हा तो रिकामा होता. मी एक वाक्य खरं बोलले असते, तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, माझंसुद्धा. आता तिथे एक कुटुंब राहत होतं. मी त्यांच्याकडे जाऊन अदलाबदलीचं विचारलंही. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बंगालीत म्हणाल्या, "आम्हीसुद्धा नदीसाठीच घेतलाय."

एकदा मी काकांना चाकाच्या खुर्चीतून फेरीघाटावर नेलं. रस्ता खड्ड्यांचा, रिक्षांची गर्दी. घाटावर पोहोचेपर्यंत ते घामाघूम झाले होते. दहा मिनिटं पाण्याकडे पाहून म्हणाले, "चल, घरी." पुन्हा नेऊ का विचारलं, तर त्यांनी डावा हात नुसता हलवला. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त होऊन ते गेले.

काकूंनी फ्लॅट विकायचं ठरवलं. त्यांना नागपूरला बहिणीकडे जायचं होतं. इंटरनेटवर टाकायची जाहिरात करून देशील का, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. मी फोटो काढले. परतताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "नदी दिसत नाही, असं लिही हो त्यात. घेणाऱ्याने उगाच आशा धरायला नको." आवाजात राग नव्हता. मला आधीच माहीत होतं, हे काकांनी त्यांना सांगितलं की त्यांचं त्यांनाच उमजलं, ते मी विचारलं नाही.

मी तसं लिहिलं, ठळक काळ्या अक्षरांत. फ्लॅट विकायला आठ महिने लागले. मी अजून त्याच ऑफिसात आहे. मध्यंतरी सोडायचं ठरवलं होतं, सोडलं नाही. दिवाळीला काकूंचा फोन येतो. चकल्या मऊ का पडतात यावर आम्ही पुष्कळ बोलतो.