पाण्याच्या पुढं धावणारी सायकल

"ए महिपतीऽऽ! चारीत म्हस बसलीय तुजी! उठीव तिला! पाणी आलंऽऽ पाणी!"

ही आरोळी शेळगावच्या शिवारात उठली की तिकडं इंदापूरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या दचकून ताठ उभ्या राहत. खोटं वाटत असेल तर बाजारात विचारा. माझं नाव सांगू नका म्हणजे झालं. तिथं माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आरोळी ठोकणारा माणूस सायकलवर असे. भरावाची वाट इतकी अरुंद की तिच्यावरून शेळीनं जाताना पोट आत ओढून घ्यावं. त्या वाटेवरून एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं टोपी धरून बिरूतात्या निघालेला असे. आणि त्याच्या मागं, कोरड्या चारीतून, पाणी धावत येत असे.

बिरूतात्या आमच्या कालव्यावरचा पाटकरी. कालव्यातून निघणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची, झाकायची, पाळी कुणाची ते सांगायचं आणि भांडणं झाली तर मधे उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे पाटकऱ्याचं काम. त्याच्या हद्दीला लागून माझी हद्द, म्हणजे मीही पाटकरीच. पण माझ्यात आणि तात्यात फरक असा की मी पाणी सोडायचो, तात्या पाणी आणायचा.

उन्हाळ्यात कोरड्या चारीत पाणी सोडलं की त्याच्या तोंडाशी मोठा लवाजमा असतो. काटक्या, पालापाचोळा, कुणाची तरी एक चप्पल, आणि त्यावर बसलेला एखादा घाबरलेला सरडा. या लवाजम्याच्या वीसेक हात पुढं तात्याची सायकल. वाटेत कुणी चारीत बांध घातलेला, कुणाची म्हैस बसलेली, कुणाचं वाळवण पसरलेलं. ते सगळं हलवत, ओरडत, हसत तो शेवटच्या शेतापर्यंत जायचा. "गणपतराव," तो मला म्हणायचा, (माझं नाव गणपा, तात्या खूश असला की मी राव होत असे) "पाणी आंधळं असतंय. त्येच्या म्होरं वळखीचा माणूस लागतो."

तात्याचं मूळचं घराणं मेंढरामागं फिरणारं. आजोबांची लोकर कातरायची कातर अजून देवापाशी ठेवलेली. मेंढरं गेली, तात्याला सरकारी नोकरी लागली, पण चालण्याची खोड राहिली; ती सायकलीत शिरली. "बाप मेंढरं हाकायचा, मी पाणी हाकतो. पाणी बरं. लेंड्या टाकत न्हाय."

त्या सायकलीला ब्रेक नव्हते असं लोक म्हणत. होते, तात्यानं ते काढून ठेवले होते. पाणी थांबत नाही, मग आपण का थांबायचं, हा त्याचा सवाल. थांबायचं झालं तर तो बाभळीला मिठी मारायचा. त्याच्या हद्दीतल्या सगळ्या बाभळींचे काटे छातीच्या उंचीपर्यंत झिजलेले होते, आणि हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मग एके दिवशी एका चारीचं गंजलेलं दार अडकलं. दोन माणसांचं काम. तात्यानं एकट्यानं दांडा उपसला. दार निघालं आणि तात्याच्या पाठीतून असा आवाज आला की मोरगावच्या एष्टीतले लोक टायर फुटला म्हणून खाली उतरले. तात्या तिथंच बसला. हसायला गेला आणि हसता येईना. पाय कुठं आहेत ते कळेना.

पुण्याला मोठ्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं. पट्टी आणि स्क्रू बसवले. मी भेटायला गेलो तर तात्या छताकडं बघत पडलेला. म्हणाला, "सायकलीचा अन् माजा आता एकच माल झाला. पंक्चर काढणाराच बघंल यापुढं मला." मी हसलो. उशाशी बसलेल्या सखूवैनी, त्याची बायको, हसल्या नाहीत. त्या पायथ्याशी सरकल्या आणि तात्याच्या तळव्याला त्यांनी करकचून चिमटा काढला. तात्याला कळलंही नाही. तो मला पुढचा विनोद सांगत होता.

ते पाय हळूहळू जागे झाले. आधी काठी, मग भिंत, मग अंगण. पाऊसकाळ संपता संपता डॉक्टर म्हणाले, आता सपाट वाटेवर बेतानं सायकल चालवायला हरकत नाही. तात्या बारामतीच्या स्टँडवर उतरला तो घंटी विकत घेऊनच. नवी, चकचकीत.

पण वैनींनी आपला डाव आधीच टाकला होता.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं-अवजारं पूजतात. त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. दसऱ्याला पूजा उतरली की पुन्हा हातात घ्यायची. वैनींनी विळा, कुऱ्हाड, आजोबांची कातर आणि शेजारी सायकल अशी मांडून पूजा केली. दुसऱ्या दिवशी विळा गवताला गेला, कुऱ्हाड लाकडाला. तात्या अंघोळ करून, नवी घंटी घेऊन सायकलीपाशी आला तर वैनी हँडलला ताजं हळदकुंकू लावत होत्या.

"दसरा उजाडला की गं," तात्या म्हणाला.

"हिची पूजा उतरली न्हाय अजून."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही हळदकुंकू. तिसऱ्या दिवशी झेंडू. दिवाळी गेली, संक्रांत आली, सायकल काही देवपणातून सुटेना. आणि तात्या असा माणूस की जो आजोबांच्या कातरीकडं पाय करून कधी झोपला नाही. पुजलेल्या वस्तूवर तो टांग कशी टाकणार? ब्रेक नसलेला माणूस वैनींनी चिमूटभर कुंकवानं थांबवला.

त्याची हद्द तेवढे दिवस माझ्याकडं होती. त्याच्या वस्तीवरून मी पाण्याच्या पुढं सायकल हाणत निघालो की तात्या ओट्यावर बसलेला दिसे. "चैन सुकलीय तुजी, गणपतराव! पाणी हसंल तुला!" असं ओरडायचा. परतताना त्याच्यापाशी टेकलो की मग एकेक विचारायचा. बाभळीच्या वळणावर पाणी फेस धरतं का अजून? महिपतीच्या पुलाखाली घुटमळतं का? सासरी गेलेल्या लेकीची चौकशी करावी तसं. मीही चार गोष्टी वाढवून सांगायचो. पाणी तुझी आठवण काढतं म्हणायचो. तो खुदकन हसायचा.

एकदा मात्र हसला नाही. म्हणाला, "आज पयल्या डावाला तू यायच्या आधी पाणी आलं. दारावरनं गेलं. माज्याकडं बघितलं बी न्हाय."

त्या संध्याकाळी माझ्यादेखत त्यानं वैनींपुढं विषय काढला. "डाक्टर व्हय म्हणालाय."

वैनी भाकरी थापत होत्या. "डाक्टर सकाळी येऊन तुमचं पाय बघायचा अन् जायचा. मी दिसभर बघत बसायची. दर घटकंला चिमटा काढायची. तुमी गणपाभावजींना जोक सांगत हुता, अन् मी नखं रुतवत हुते. तुमाला ठाव तरी हाय का?"

तात्याला ठाऊक नव्हतं. भाकरी तव्यावर उलटली, फुगली, उतरली. तो आपल्या तळव्यावरून अंगठा फिरवत बसला. पुढं कितीतरी दिवस त्यानं सायकलीचा विषय काढला नाही. ओट्यावरून आरोळीही यायची बंद झाली. शेळगावचं शिवार मला असं वाटायला लागलं की कुणीतरी त्याचा आवाज काढून घेऊन गेलंय.

उन्हाळी पाळी आली. कालवा भरून वाहत होता. चारीचं दार मी उघडणार, एवढ्यात पाहतो तर तात्या सायकल हातात धरून, पायी चालत भरावावरून येतोय. तिच्यावर बसला नव्हता. हँडलला हळदकुंकू, दुसऱ्या हातात पानात अक्षता. कालव्याच्या काठावर त्यानं सायकल उभी केली, तिच्यावर अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

"घरात ऱ्हायलीस, पूजा घेतलीस, मला संबाळलंस. आता जा आपल्या जाग्याला."

आणि गणपती बुडवावा तशी ती पाण्यात धरली. हळद पसरली, कुंकू पसरलं, झेंडूचं फूल सुटून इंदापूरच्या वाटेला लागलं. वर काढली तेव्हा ती साधी ओली सायकल होती.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. वैनी. पदर खोचलेला, हात पिठाचे. मी दाराच्या दांड्याआड लपायला बघितलं. दांडा माझ्या मनगटाएवढा.

तात्यानं सायकल वळवली, पण टांग टाकली नाही. वैनींकडं बघत उभा राहिला. पाणी निथळत होतं, सायकलीचं आणि त्याचंही. वैनी पुढं आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी त्याच्या पोटरीला असा चिमटा काढला की तात्या जागच्या जागी हातभर उडाला.

"आयायायाया!"

"लागलं?"

"लागलं की गं!"

"मग बसा."

मी दार उघडलं. तात्या बसला. पहिल्यांदा सायकल इतकी डुगडुगली की कालवाच हलतोय असं वाटावं. मग घंटी वाजली. मग ती आरोळी, जरा चिरकी, जरा गंजलेली: "महिपतीऽऽ! पाणीऽऽ!" आणि मागून पाणी, काटक्या, सरडा, सगळा लवाजमा.

बाभळीच्या वळणावर पाण्यानं त्याला गाठलं. थोडं बरोबरीनं चाललं आणि मग पुढं निघून गेलं. तात्यानं पाय टेकला. मी पोचलो तर तो त्या फेसाकडं बघत होता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मीच वाट दाखवलीय त्येला."

त्यानंतर तो निवृत्त होईपर्यंत सायकलवरच फिरला, पाण्याच्या जरा मागून. मणका शेवटपर्यंत टणक. गेला तो साध्या तापानं. तीन दिवसांत, कुणाला आरोळीही न देता. सावडायला गेलो तेव्हा राखेत पट्टी आणि स्क्रू निघाले. नदीत सोडायचे की नाही यावर चारजण वाद घालत बसले. वैनींनी ते पुसले आणि सायकलीच्या सीटखालच्या पिशवीत, पान्याशेजारी टाकले.

परवा बऱ्याच दिवसांनी त्या वाटेनं गेलो. हल्ली चारीला पाणी आलं तरी कळत नाही. ते मुकाट येतं, मुकाट जातं. वस्तीवर थांबलो. ओटा रिकामा. भिंतीला सायकल टेकलेली, आणि हँडलला हळदकुंकू. ओलं होतं, सकाळचंच असावं.

माझी जीभ कुठं गप्प बसते. म्हटलं, "वैनी, आता कुणाला अडवताय?"

"कुणाला न्हाय," त्या म्हणाल्या. "च्या घेताय नव्हं?"