चौथे कडवे

रविवार, १४ मार्च १९९९, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. विश्रांतवाडीतल्या एका गीतकारांच्या घरी मी टेपरेकॉर्डर सुरू केला. नोकरी सॉफ्टवेअरची असली, तरी गाणी रचणाऱ्यांची स्मृती कशी चालते, हे मला तपासायचे होते. त्या दिवशी ते चिंतेत होते. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी रचलेल्या नव्या गाण्याचे चौथे कडवे त्यांना आठवत नव्हते.

"लिहून ठेवलं नाहीत?"

"लोकांपुढे गायल्याशिवाय मी गाणं लिहीत नाही."

"रचलं कुठे?"

"कारखान्यात, लेथवर. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात."

"म्हणजे हात चालू असताना?"

"ताई, नुसतं बसायचा पगार देत नव्हते."

हातांना काम मिळावे म्हणून मी त्यांच्या पत्नीकडून मेथीची जुडी मागून घेतली आणि गीतकारांपुढे निवडायला ठेवली.

"छत्तीस वर्षांत यांनी एक काडी निवडली नाही," त्या म्हणाल्या. "तू दर रविवारी येत जा."

पाने खुडता खुडता ते गुणगुणू लागले, मध्येच थांबले, आणि मग सबंध कडवे न अडखळता गायले. पुन्हा एकदा गाऊन त्यांनी खात्री करून घेतली व समाधानाने पुढची काडी उचलली. मी वहीत नोंदवले: पहिल्या काडीपासून कडव्यापर्यंत तीन मिनिटे चाळीस सेकंद.