पृथ्वीला ताप आलाय, मॅडम!

परवा आमच्या भिशीत मी शाळेतला एक किस्सा सांगितला, तर बँकेतली मैत्रीण म्हणाली, "तुझं बरंय बाई! आमच्याकडं दिवसभर माणसं येतात, पण एक धड किस्सा घडत नाही."

मी म्हटलं, तू चौथीला परिसर अभ्यास शिकवून बघ. महिन्याभरात डोक्यात जागा उरणार नाही! मी करमाडवरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला शहरात, हडकोत. रोज स्कूटीवर जाऊन-येऊन. शाळा लहान, वर्ग एकत्र, मुलं थोडी आणि प्रश्न भरपूर. घरी जेवताना मी रोज एक तरी किस्सा सांगते. नवरा म्हणतो, "तुला पगार शिकवायचा देतात की हसायचा?"

तर त्यातलेच काही सांगते. सगळे सांगत बसले तर भिशीचा नंबर निघायचा राहील.

* * *

आमच्या शाळेला नवा पृथ्वीगोल आला. पुठ्ठ्याचा, पण मोठा आणि देखणा. मी मुलांना महासागर दाखवले, खंड दाखवले, मग भारत दाखवला. गणेश नावाचा एक वळवळ्या पोरगा आहे चौथीत. तो नाक टेकवून बघत होता.

"मॅडम, आपलं करमाड कुठंय यावर?"

"अरे, एवढं लहान गाव यावर मावत नाही."

"आपलं औरंगाबाद?" शहराचं नाव बदललं, तरी पोरांच्या तोंडी कधी जुनं येतं, कधी नवं.

तेही नव्हतं. मग ऋतुजा म्हणाली, "मंग हा गोल दुसऱ्यांच्या शाळेचा असंल. चुकून आपल्याकडं आला."

मधल्या सुट्टीनंतर बघते तर काय! भारताच्या पोटावर निळ्या बॉलपेनचा भला मोठा ठिपका, आणि शेजारी 'करमाड'. ठिपका एवढा, की त्याखाली निम्मा महाराष्ट्र झाकला गेला होता.

आमचे मुख्याध्यापक जाधव सर तापट. आले ते ओरडतच, "ही सरकारी वस्तू आहे! कोणी केलं हे? आं?" गणेश मान खाली घालून उभा. सरांनी खिशातून चष्मा काढला, गोल हातात घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले,

"काढायचंच होतं, तर माझं गाव पिशोर कुणी काढायचं?"

* * *

पुस्तकात पाणी वाचवण्याचा पाठ आहे. मी एकेक सूचना समजावून सांगत होते. "दात घासताना नळ बंद ठेवावा."

ऋतुजाचा हात वर. "मॅडम, नळाला पाणी आल्यावर दात कोण घासतं?"

"म्हणजे?"

"पाणी आलं की माणूस हंडे भरंल का दात घाशीत बसंल?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. खरं सांगू? त्याच दिवशी सकाळी हडकोत बऱ्याच दिवसांनी पाणी आलं होतं, आणि मी बादल्या-पातेली भरून झाल्यावर कुकरसुद्धा भरून ठेवला होता!

मी म्हटलं, "चला, पुढची सूचना बघू."

पुढची सूचना शॉवरबद्दल होती. मी पान उलटलं.

* * *

माझी नणंद नेदरलँडला असते. तिथल्या मुलांशी आमच्या मुलांचं बोलणं करून द्यावं, असं माझ्या मनात फार दिवस होतं. तिनं तिच्या मुलीच्या शाळेत विचारलं, ते हो म्हणाले. वर्गात टीव्ही आहे, त्याला मोबाईल जोडला. आमची पोरं तेल लावून, भांग पाडून बसली. पलीकडं गोरी गोरी पोरं. नणंद मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगत होती.

आमच्यातल्या एकानं विचारलं, "तुमच्याकडं टँकर कधी येतो?"

टँकर म्हणजे काय, हे सांगता सांगता नणंदेला घाम फुटला. मग तिकडचा एक मुलगा उठला. तो म्हणाला, "आमचं गाव समुद्रापेक्षा खाली आहे. पाणी आत शिरतं. म्हणून पंप लावून ते सारखं बाहेर टाकावं लागतं."

कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "पाणी... बाहेर टाकतात?"

आमचा सोहेल ताडकन उठला आणि सरळ टीव्हीसमोर गेला. एरवी तो माझ्याशी मराठीत बोलतो, पण त्या दिवशी काम महत्त्वाचं होतं. "मॅडम, उनको बोलो ना! पाइप इधर छोड दो बोलके!"

तिकडची पोरं खूप हसली. पण त्यांच्यातल्या एका मुलीनं हसता हसता विचारलं, "किती लांब पाइप लागेल?"

झालं! दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला पृथ्वीगोलावर सुतळी लावून मोजणी सुरू. नेदरलँडपासून निघायचं ते निळ्या ठिपक्यापर्यंत. मीही म्हटलं, होऊ द्या, प्रमाण शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं? गुणाकार झाले, भागाकार झाले. सगळ्यात शेवटी गणेश पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला,

"पाइप पुरंल मॅडम. पण मधल्या गाववाल्यांनी पाणी पुढं सोडलं पायजे ना!"

* * *

अन्नसाखळीचा किस्सा एवढासाच आहे.

"गवत कोण खातं?"

"बकरी!"

"बकरीला कोण खातं?" मला लांडगा हवा होता.

"मेहमान!" सोहेल.

वर्ग खो-खो हसला. मीही कमी नाही. म्हटलं, "बरं, मग मेहमानाला कोण खातं?"

"मच्छर!"

साखळी पूर्ण. मी फळ्यावर तशीच काढली.

* * *

गाड्यांच्या धुरानं हवा कशी तापते, ते शिकवलं, त्या दिवशी गणेशनं विचारलं, "मॅडम, तुमच्या स्कूटीचा धूर निघतो का?"

"निघतो की."

"रोज?"

"रोज."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात त्याची आई उभी. डोक्यावर पदर, चेहरा गंभीर. मला वाटलं, पोरानं काहीतरी उद्योग केला.

"मॅडम, राग येऊ देऊ नका. पण पोरगं म्हणतंय, तुमच्या येण्या-जाण्यानं पृथ्वी गरम व्हायलीय."

मी गारच पडले.

"आमची पुढची खोली रिकामीच हाय. ऱ्हावा की हितंच! सकाळी गरम भाकर देते करून."

मी तिला हात धरून समजावलं. म्हटलं, ताई, शहरात घर आहे, सासूबाई आहेत, यांची नोकरी आहे, असं कसं येता येईल? तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तर मंग सायेबांना बी आणा. त्यांची बी गाडी हाय म्हणं!"

रात्री हे नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "हे बघ, उद्यापासून तू त्यांना फक्त फुलपाखरं शिकव."

* * *

त्याच सुमाराला मी तिसरी-चौथीला तापमानवाढ शिकवत होते. ऊन मी म्हणत होतं, पंखा बंद. सोपं करून सांगावं म्हणून म्हटलं, "आपल्याला ताप येतो ना, तसा पृथ्वीला ताप आलाय." पाठ संपला, मुलं घरी गेली.

पहिलीतली अनुष्का त्याच खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात बसते. तिला मी बाराखडी गिरवायला दिली होती. तिनं बाराखडी गिरवली नाही, पाठ ऐकला!

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली, तर पृथ्वीगोल टेबलावर आणि त्याच्यावर नीट घडी करून ठेवलेला ओला रुमाल. रुमालाला सेफ्टी पिन. अनुष्काचाच! पोरगी आदल्या दिवशी जाता जाता ठेवून गेली होती. आल्या आल्या दप्तरही न काढता तिनं विचारलं, "उतरला का, मॅडम?"

मी रुमाल काढला. पुठ्ठा रात्रभर पाणी प्यायला होता. सगळा आशिया खंड टम्म फुगून वर आला होता.

जाधव सर आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. सरांनी गोलावर तळहात ठेवला, डॉक्टरसारखा, आणि अनुष्काला म्हणाले,

"ताप उतरलाय गं. थोडी सूज ऱ्हायलीय."

* * *

आता शेवटचा सांगते.

आमच्या शाळेचं मैदान म्हणजे नुसते दगड. पोरं पळाली की गुडघे फुटणार, हे ठरलेलं. जाधव सर सरपंचांच्या किती महिने मागं लागले होते. शेवटी गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, सकाळची शाळा असताना, सरपंचांनी एक जेसीबी मिळवला. मशीन दुसऱ्या कामावर चाललेलं, मध्ये फक्त एक सकाळ आमच्यासाठी. पोरांनी आदल्या दिवशीच टीम पाडल्या होत्या. गणेश तेव्हा तिसरीत, पण कॅप्टन तोच.

त्या दिवसांत वर्गात कोमल नावाची एक मुलगी यायची. तिच्या घरचे मेंढरं घेऊन फिरणारे. उन्हाळ्यात रिकाम्या रानात त्यांचा मुक्काम पडला की ती शाळेत येई. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. हजेरीलाही नुसता हात वर.

जेसीबी आला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि कोमल चालत जाऊन मैदानाच्या मध्ये उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती हलेना. सर ओरडले, "ए पोरी, बाजूला हो!"

"नाय."

तिचा आवाज आम्ही नीट असा तेव्हाच ऐकला.

जवळ गेलो, तर तिच्या पायाशी दगडांत टिटवीची अंडी. दगडांच्याच रंगाची. ती दाखवीपर्यंत मला दिसलीसुद्धा नाहीत.

सरपंच म्हणाले, "एवढंच ना? उचलून कडंला ठेवू."

"हलवली की ती वळखत नाय."

"अगं, मशीन परत मिळायचं नाही!"

गणेशच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तू तर जाणारच हायेस इथून!" तो तिच्यावर ओरडला. "आम्हाला ऱ्हायचंय इथं! आमचं मैदान हाय!"

मी मध्ये पडणार, तेवढ्यात ड्रायव्हर वैतागून खाली उतरला. "बघू द्या काय हाय ते." तो वाकला मात्र, टिटवी कुठून आली कोण जाणे, टिवटिव करत थेट त्याच्या डोक्यावर! एकदा, दोनदा. बिचारा दोन्ही हातांनी डोकं धरून केबिनकडं पळाला. पोरं हसली. तो हसला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ त्या पक्ष्याकडं बघत राहिला. मग सरपंचांना म्हणाला, "मी नाय तिकडं मशीन घालणार. घरी बायकोचे दिवस भरलेत माझ्या."

सरपंचांनी हात झटकला आणि बाकीचं मैदान दाखवलं.

मग त्यानं सगळं मैदान सपाट केलं, पण तेवढी जागा सोडून. मधोमध दगडांचं एक बेट राहिलं. गणेश आठवडाभर कोमलशी बोलला नाही. खेळताना मात्र सगळे बेटाच्या अलीकडंच थांबायचे. पुढं एका सकाळी बघितलं तर अंडी फुटलेली होती आणि काडीसारख्या पायांची पिल्लं आईच्या मागं पळत होती. पोरं कुंपणाला चिकटून, आवाज न करता बघत होती. गणेश कोमलच्या शेजारी उभा होता. थोड्या दिवसांत पिल्लं गेली. त्यानंतर कोमलच्या घरच्यांनी मुक्काम हलवला, तीही गेली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तपासणीला एक साहेब आले. मैदान बघून खूश झाले. मग त्यांचं लक्ष मध्ये गेलं.

"हे काय राहिलंय? एवढं कशाला सोडलं? दोन पोरं लावा, अर्ध्या तासात साफ होईल."

जाधव सर माझ्याकडं बघायला लागले. मी सरांकडं. तेवढ्यात गणेश बॅट खाली ठेवून पुढं आला.

"नाय सर. घर हाय ते. माणसं गावाला गेलीत."