काशीत सोडलेली गोळी

मुकुंदराव औसेकरांना मी पुढे शिव्या घालणार आहे, म्हणून त्यांचं चांगलं आधी सांगून टाकतो.

काचीगुड्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. मुकुंदराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले तेव्हा त्यांचं वजन ब्याण्णव किलो होतं आणि दर महिन्याला ते माझ्याकडून शुगरच्या दोन तऱ्हेच्या गोळ्या नेत. एकदा डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. "असंच चाललं तर पाय गमवाल," म्हणाले. माणसं सोमवारपासून चालायचं ठरवतात. हा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, पार्कात हजर झाला. पहाटे सहा किलोमीटर. रात्रीचा भात बंद, ज्वारीची भाकरी सुरू. इराणी हॉटेलातल्या ज्या चहावर त्यांची अर्धी नोकरी झाली, तोही सुटला. दीड वर्षात सोळा किलो उतरले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून एक गोळी बंद केली, मग दुसरी अर्ध्यावर आणली आणि शेवटी म्हणाले, "आता नको. पण चालणं थांबलं, साखर वाढली, तर लगेच या."

मी गोळ्या विकून पोट भरतो, तरी सांगतो, मला मनापासून आनंद झाला. पेढे वाटायची सोय नव्हती, म्हणून मुकुंदरावांनी माझ्या दुकानात पेरू वाटले.

डॉक्टरांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग मात्र त्यांनी ऐकला आणि दुसरा पार्कातल्या बाकावर ठेवून आले. तिथल्या प्रभात मंडळाचे ते गुरू झाले. "गोळी म्हणजे कुबडी," हे त्यांचं वाक्य. कुणाच्या खिशातून औषधाची पट्टी डोकावली की ते दोन बोटांनी ती वर काढून सगळ्यांना दाखवीत. माणसं हसत आणि पट्टी आणखी खोल खिशात जाई. अति तिथं माती म्हणतात ते उगाच नाही.

त्यांच्या पत्नी रंजनावहिनी. मला त्या भाऊजी म्हणत. त्यांना ब्लडप्रेशर होतं, आणि अकरा वर्षं मी त्यांना रोज एक याप्रमाणे बारकीशी पांढरी गोळी देत होतो. त्यांची आई साठीच्या आत अर्धांगवायूनं गेली होती, म्हणजे दुखणं माहेरूनच आलेलं. अंगानं काडी. दिवसभर पायाला भिंगरी. अशा बाईनं चालून काय उतरवायचं होतं? पण त्यांनी नवऱ्याचं सोळा किलो वजन डोळ्यांदेखत जाताना पाहिलं होतं. दुसऱ्याच्या घरचा चमत्कार असता तर त्यांनी नाक मुरडलं असतं. हा घरचाच होता.

दोन वर्षांमागे, माघात, दोघं काशीला गेले.

आपल्याकडे काशी केली की काहीतरी सोडून यायचं असतं. एखादी भाजी, एखादं फळ. गुरुजी विचारतात, "काय सोडता?" आणि घाटावर पाणी सोडून जे बोलाल ते जन्मात परत तोंडात घालायचं नाही. बहुतेक लोक हुशार असतात. माझ्या वडिलांनी कारलं सोडलं, जे त्यांनी आधीही कधी खाल्लं नव्हतं. आईनं मात्र सीताफळ सोडलं. दसऱ्याच्या सुमाराला हैदराबादेत सीताफळांच्या गाड्या लागल्या की ती पदर नाकाला लावून दुसऱ्या बाजूनं जायची. एकदा एका लग्नात तिच्या वाटीत चुकून सीताफळाचं आइस्क्रीम आलं. चमचाभर तोंडात गेल्यावर तिला कळलं, तर तिनं भर पंगतीत ते थुंकून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी उपास केला. काशीत सोडलेलं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तर गुरुजींनी विचारलं आणि मुकुंदराव छाती पुढे काढून म्हणाले, "गोळी सोडली." गुरुजीसुद्धा चमकले म्हणे. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी घरून दोडका ठरवून आल्या होत्या. पण नवरा त्यांच्याकडे बघत होता, गेली दोन वर्षं बघत होता तसाच. त्यांनी हातावर पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "मी पण गोळीच."

हे सगळं मुकुंदरावांनीच मला कौतुकानं सांगितलं, गंगेच्या पाण्याची लहान लोटी दुकानाच्या काउंटरवर ठेवीत. मी लोटी कपाळाला लावली आणि भांडायला उभा राहिलो.

"तुमची डॉक्टरांनी सोडवली. वहिनींची कुणी सोडवली?"

"तुझं गिऱ्हाईक गेलं म्हणून तुला दुखतंय गिरीश," ते हसत म्हणाले. "ती आता रोज माझ्याबरोबर चालते. हळूहळू शरीरच शिकतं."

दुकानात चार माणसं होती. तीही हसली. तो टोमणा मला जिव्हारी लागला, आणि खरं सांगतो, त्यानं माझं तोंड बरेच दिवस बंद ठेवलं.

उन्हाळ्यात मी प्रेशरचं मशीन घेऊन त्यांच्या घरी गेलो. एकशे चौऱ्याऐंशी, खाली एकशे दहा. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला बघूनच चढलं असेल भाऊजी." डोकं दुखतं का, विचारलं. तर म्हणाल्या, "दुखतं कधी कधी. हे म्हणतात, आतली घाण निघतेय." मी हात जोडले. गोळीची पट्टी ओट्यावर ठेवली. त्यांच्याकडे काम करणारी गंगू, पन्नाशीची, फटकळ बाई, ती म्हणाली, "खाऊन टाका ना अम्मा, कैकू एवढं?" वहिनींनी पट्टीला हातही लावला नाही.

"यांचं काही अडलं का?" त्या म्हणाल्या. "दोघांनी एका पाण्यात सोडलंय. मी एकटी कशी मोडू? यांना काही झालं तर?"

त्या एका वाक्यावर सगळं उभं होतं. मी पट्टी तशीच ओट्यावर ठेवून परत आलो.

त्या वाक्याला उत्तर मला भाद्रपदात सापडलं. घाऊक माल आणायला मी अफझलगंजला जातो. तिथल्या एका मोठ्या दुकानात गर्दीत उभा होतो, तर पुढे एक ओळखीची पाठ दिसली. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. काउंटरवरच्या पोरानं न विचारताच पट्ट्या काढल्या. "वहीच ना चाचा, शुगर की? महिने का देऊँ?"

"हौ, महिने का," चाचा म्हणाले. वळले आणि माझ्यासमोर आले.

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. शहरभरच्या बसेस तिथे सुटतात, हॉर्नचा नुसता कल्लोळ. त्यात त्यांनी मला सांगितलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला गुडघा धरला, चालणं निम्म्यावर आलं. साखर तीनशेवर गेली. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली आणि वर समजावलं, यात लाज कसली, चाललात म्हणून इतकी वर्षं विनागोळीची मिळाली. किती शहाणं बोलणं! हेच त्यांनी पार्कात सांगितलं असतं तर चार माणसांचं भलं झालं असतं. पण काचीगुड्यात माझ्याकडून गोळी कशी घेणार? म्हणून दर महिन्याला टोपी-मास्क घालून अफझलगंज. घरी गोळ्या बुटांच्या कपाटात, जुन्या चपलेच्या खोक्यात.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मी भर रस्त्यात ओरडलो. "आणि काशीचं पाणी? ते तुमच्यापुरतं आटलं का?"

"मी देवाची माफी मागितली," ते खाली बघून म्हणाले.

"बायकोची मागा. आज सांगा. तुम्ही घेताय कळलं की त्या घेतील. दुसरं काही लागणार नाही."

त्यांनी माझा हात धरला. "सांगतो रे. शपथ. फक्त रविवार जाऊ दे. मंडळानं माझा सत्कार ठेवलाय. पत्रिका वाटून झाल्यात, बंगळूरहून केतकी येणारय." केतकी त्यांची मुलगी. "सोमवारी सकाळी सांगतो."

तो गुरुवार होता. त्यांच्या घरापासून माझं दुकान चार मिनिटांवर. मी गुरुवारी गेलो नाही, शुक्रवारी गेलो नाही, शनिवारी पाऊस होता. नवऱ्याची लाज नवऱ्यानंच उघडी करावी, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला पुन्हा 'गिऱ्हाईक गेलं म्हणून दुखतंय' हे ऐकून घ्यायचं नव्हतं. मुकुंदरावांना शिव्या घालतो म्हणालो ना, त्यातल्या चार दिवसांच्या शिव्या माझ्या आहेत.

रविवारी हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. मुकुंदराव अर्धा तास बोलले. गुडघा दुखतोय हे कळू नये म्हणून उभ्यानं बोलले. 'कुबडी' हा शब्द त्यांनी त्या दिवशी एकदाही वापरला नाही, हे फक्त माझ्या लक्षात आलं. ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. वहिनी पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी, गजरा. मधेच त्या दोन बोटांनी कपाळ दाबत होत्या.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी वहिनींनाही वर बोलावलं. "यांच्या पाठीशी या आहेत म्हणून," वगैरे. शाल घातली. नारळ हातात दिला. नारळ त्यांच्या उजव्या हातातून सुटला आणि व्यासपीठावरून घरंगळत खाली आला. लोक हसले. कुणीतरी तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला, आणि तो पुन्हा पडला. वहिनी काहीतरी म्हणाल्या, ते शब्द नव्हते. तोवर त्यांच्या ओठाची एक बाजू खाली आली होती. मी खुर्च्यांवरून उडी मारून धावलो. पण वरातीमागून घोडं नेऊन काय उपयोग?

मेंदूत रक्तस्राव झाला होता. सतरा दिवस हॉस्पिटल. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र पूर्ण राहिली, आणि ते सगळ्यात वाईट झालं.

हॉस्पिटलात नाकातल्या नळीतून औषधं जात होती, तोवर प्रश्न नव्हता. घरी आल्यावर नळी निघाली आणि वहिनींनी दात आवळले. भात खात, पेज घेत, पाणी पीत. गोळी ओठाशी आली की तोंड बंद. गंगूनं चुरा करून दहीभातात कालवली, तर त्यांना चव कळली. तो घास त्यांनी वाकड्या तोंडानं थुंकला. मला माझी आई आठवली. केतकी रडली, डॉक्टरांनी घरी येऊन समजावलं. वहिनींनी हलू शकणाऱ्या डाव्या हातानं एकच खूण केली. बोट आधी नवऱ्याकडे, मग स्वतःकडे, मग वर.

बाकी कुणाला कळलं नाही. मला कळलं, आणि दाराशी उभ्या मुकुंदरावांना कळलं. दोघांनी एका पाण्यात सोडलंय.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. "आणखी एक झटका आला तर संपेल सगळं. आता तरी सांगा."

"आता? या अवस्थेत तिला?" ते भिंतीला टेकले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "गिरीश, तूच सांग ना."

"नाही," मी म्हणालो. त्या चार दिवसांत मी सांगायला हवं होतं. आता माझ्या सांगण्याला काही किंमत नव्हती.

ते बुटांच्या कपाटाशी गेले. चपलेचं खोकं आणलं. पलंगाजवळ स्टुलावर बसून त्यांनी पट्ट्या एकेक करून चादरीवर मांडल्या. रिकाम्या झालेल्याही त्यांनी टाकल्या नव्हत्या. टाकताना कुणी पाहील म्हणून ठेवल्या होत्या. मग एक गोळी काढून जिभेवर ठेवली आणि पाण्यानं गिळली. "आषाढापासून घेतोय, रंजना," ते म्हणाले. "रोज दोन."

वहिनी त्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. पलीकडे काचीगुडा स्टेशनात गाडी शिरली, निघून गेली. गंगू दारात पदर तोंडाला लावून उभी. मग वहिनींनी एकदा नवऱ्याकडे नीट, पूर्ण पाहिलं, आणि तोंड उघडलं. मुकुंदरावांनी पांढरी गोळी आत ठेवली. त्यांनी ती गिळली. एवढंच लागत होतं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. वहिनींचं प्रेशर आटोक्यात आहे. गोळी त्या एकही दिवस चुकवत नाहीत, मात्र घेतात ती गंगूच्या हातून. मुकुंदराव पलंगाजवळ आले की त्या भिंतीकडे तोंड करतात. दोनदा, तीनदा त्यांनी आपल्या हातानं द्यायचा प्रयत्न करून पाहिला. आता गोळीची वेळ झाली की ते आपणहून उठतात, बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहतात, आणि गंगू 'हो गया साब' म्हणेपर्यंत आत येत नाहीत.