अबोल्याच्या वेण्या

मोरादेकेबद्दल चांगलं सांगायचं तर आधी तिच्या खोडी सांगायला हव्यात, नाहीतर ऐकणाऱ्याला ती देवमाणूस वाटायची. देवमाणूस ती मुळीच नाही. तोंडानं फटकळ आहे, नेलेली किटली महिनाभर परत देत नाही, आणि समोर कोनफळाच्या पिठाचा गरम अमाला आला की शेजारी आग लागली तरी ताटावरून उठत नाही. पण इबादानच्या कापडबाजारामागच्या आमच्या गल्लीत वेण्या घालाव्यात तर तिनंच. तिच्या तोडीचा हात गल्लीत अजून एकच, समोरच्या टपरीतल्या अवेरोचा. या दोन टपऱ्यांच्या मधे माझं मिरची वाटायचं मशीन आहे, त्यामुळे दोघींचं जे काही झालं ते माझ्या नाकासमोर झालं.

मोरादेकेच्या गुडघ्यांमधे बुटक्या स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की आधी बराच वेळ ती नुसती डोकं चाचपते. कुठे जुनी खोक आहे, कुठे केस विरळ झालेत, कानशिलावरची कोवळी लव किती ताण सोसेल, सगळं बोटांनी बघून घेते. पोरी तिला इया म्हणजे आई म्हणतात, आणि फोन पुढे करून सांगतात, "इया, मला अश्शाच पाहिजेत, बारीक आणि अगदी घट्ट." ती फोनकडे ढुंकून बघत नाही. "हे डोकं त्या फोटोतल्या बाईचं आहे का तुझं? तुझं ना? मग गप बस आणि मान खाली घाल." मग फणीच्या टोकदार दांड्यानं भांग पडतो, केसांची बट निघते, तिच्यात गंगावनाची बट मिसळते आणि तीन पेड असे चालू लागतात की जोड कुठे आहे ते आरशात बघूनही कळू नये. शेवटी वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे सुटत नाहीत. किटली लागते ती यासाठी. माझी.

आमच्यात डोकं असं कुणाच्याही हाती देत नाहीत. माणूस आपलं नशीब डोक्यात घेऊन येतो, आणि वेणी घालणारीचा हात चांगला असला तर केस वाढतात, वाईट असला तर फणीबरोबर निघून येतात. मला तर या दोघी डोक्याजवळ फिरकू देत नाहीत. "मिरचीवाले, लांब हो! गिऱ्हाइकाचे डोळे जातील."

अकरा वर्षांपूर्वी दोघी एकाच टपरीत बसायच्या, एकाच ताटात जेवायच्या. एका शनिवारी सकाळी एक नवरी आली. मोरादेकेनं अर्धं डोकं विणलं आणि तिला भूक लागली. "आलेच मी," म्हणून ती अमाल्याच्या खानावळीत गेली. तिथे रांगेत पुढे कोण होतं यावरून तिचं एका बाईशी जुंपलं, आणि मोरादेके भांडण अर्धवट टाकून उठणाऱ्यातली नव्हे. इकडे वऱ्हाडाची बस भोंगा वाजवायला लागली, नवरीची आई गल्लीत उभी राहून शिव्या घालायला लागली, आणि नवरी अर्ध्या डोक्यानं हमसून हमसून रडायला लागली. शेवटी अवेरो उठली, स्टुलामागे बसली आणि तिनं उरलेलं डोकं पुरं केलं.

आता एकीनं सुरू केलेल्या डोक्याला दुसरीनं हात लावायचा नाही, हा आमच्या गल्लीतला रिवाज. मोरादेके परत आली तेव्हा नवरी बसमधे चढत होती. डावी बाजू मोरादेकेची, उजवी अवेरोची, आणि दोन्हींत सुईच्या अग्राएवढा फरक नव्हता. माझ्या मते तिला खरं झोंबलं ते हेच. "केसानं गळा कापलास माझा!" असं ती ओरडली, की कापडबाजारातले लोक माप सोडून बघायला आले. अवेरोनं आपल्या फण्या गोळा केल्या आणि समोर टपरी घातली. त्या दिवसापासून अबोला.

मोरादेके आजही सांगते की त्या दिवशी आई आजारी म्हणून ती गेली होती. तिची आई तेव्हा गावी, ओग्बोमोशोला, ठणठणीत होती आणि दोन हातांनी मुसळ मारून कोनफळ कुटत होती. मी हे कधी चारचौघांत बोलले नाही, मैत्रीण आहे म्हणून.

पण दुसऱ्यांची हजार डोकी विणणारीलाही स्वतःचं डोकं नीट विणता येत नाही. पहिल्याच महिन्यात मोरादेके एका शिकाऊ पोरीकडे बसली आणि तीन दिवस डोकं धरून फिरली. अवेरो दुसऱ्या बाजारात जाऊन आली, तर तिच्या वेण्या आठवड्यात सुटल्या. मग एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, अवेरो आपलं स्टूल घेऊन रस्ता ओलांडून आली, मोरादेकेसमोर ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसली. मी म्हटलं, आता इथे रक्त सांडणार. मोरादेकेनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मिरचीवाले, तिला सांग, मान उजवीकडे."

तीन आठवड्यांनी मोरादेके आपलं स्टूल घेऊन पलीकडे गेली. तेव्हापासून अकरा वर्षं हेच. एकीच्या तोंडापासून दुसरीचा कान वीतभरावर, आणि निरोप न्यायला मधे मी.

"तिला सांग, एवढं ओढू नको. माझं डोकं आहे, कोनफळाचा वाफा नाही."

"तिला सांग, वाफा असता तर काही उगवलं तरी असतं."

"तिला सांग, आज मासळी खाऊन आली आहेस, हात धू."

मी सगळं इमानदारीनं सांगायची. कंटाळून एकदा म्हटलं, "अगं बायांनो, ऐकू येतंय ना एकमेकींचं?" तर दोघी एकदम माझ्यावर उखडल्या. भांडण त्यांचं, अबोला त्यांचा, आणि शिव्या मला.

यंदा अवेरोला पन्नास वर्षं पुरी होणार होती. रिवाजाप्रमाणे सगळ्या नातेवाइकांनी एका रंगाचं कापड घेतलं, मंडप ठरला. मोरादेकेनं तिच्या वेण्या घातल्या त्या दोन दिवस बसून, दोनशेच्या वर, सुतळीएवढ्या बारीक, कमरेपर्यंत. इतकं मन लावून काम केलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. एकदाही उठली नाही, अमालासुद्धा टपरीत मागवला. झाल्यावर अवेरोनं आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मला म्हणाली, "तिला सांग, बरं झालंय." मोरादेकेनं मान फिरवली, पण मी तिचा चेहरा बघितला. खुलला होता.

वाढदिवस शनिवारी. गुरुवारी पहाटे अवेरोचा नवरा अकांदे टॅक्सी काढायला गेला आणि गाडीला टेकून खाली बसला, तो उठलाच नाही. भला माणूस होता. माझी मिरचीची पोती फुकट आणून द्यायचा.

बातमी कळली तशी सगळी गल्ली त्यांच्याकडे लोटली. मोरादेकेही आली, पण घरात शिरली नाही. अंगणात आंब्याखालच्या बाकावर दाराकडे पाठ करून बसली. मी आत गेले. अवेरो चटईवर भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे, तोंडातून अक्षर नाही. भोवती बायका रडत होत्या, आणि अकांदेची थोरली बहीण सगळा कारभार हाकत होती. नवरा गेला की बाईच्या वेण्या सोडतात, डोकं मोकळं ठेवतात. ते तर करायचंच होतं. पण दोनशे वेण्या!

"हे सोडत बसलं तर परवा उजाडेल," नणंद म्हणाली. "दिवस मावळायच्या आत गावाकडची वडीलधारी येतील. त्यांच्यासमोर काय ही नटून बसणार? कात्री आणा. कानाजवळून छाटून टाकू."

"तिचे स्वतःचे केस कापले जातील ना," मी म्हटलं.

"कसले स्वतःचे? हल्ली कुणाचे चार बोटांपेक्षा लांब असतात? बाकी सगळं दुकानातलं."

डोक्याचा मालक नसताना डोकं भादरू नये, अशी आमच्यात म्हण आहे. इथे मालकीण समोर बसली होती, पण असून नसल्यासारखी. तिला कात्री दिसत होती की नाही कोण जाणे. मी तशीच बाहेर धावले.

"मोरादेके, तिची नणंद कात्री घेऊन बसली आहे! कानाजवळून छाटते म्हणते."

मोरादेके ताडकन उठली. अकरा वर्षांची सवय, मी विचारलं, "काय सांगू अवेरोला?"

"तू काही सांगू नकोस," ती म्हणाली, आणि माझ्या पुढून आत गेली.

नणंदेनं वेण्यांची एक जुडी मुठीत धरली होती. मोरादेकेनं तिच्यासमोर गुडघे टेकले, वडीलधारीसमोर टेकतात तसे, पण आवाज मात्र काही टेकलेला नव्हता.

"ताई, कात्री खाली ठेवा. त्या वेण्या माझ्या आहेत."

"वेण्या तुझ्या असतील, भावजय माझी आहे."

"भावजय तुमची, पण केस तिचे. सांगा बघू, या वेणीत तिचा केस कुठे संपतो?"

नणंदेनं कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं. मोरादेकेनं ती वेणी हातात घेतली, डोळे मिटले आणि अंगठा खाली सरकवत नेला. मानेच्या खाली. खांद्याच्या खाली. पाठीच्या मध्यावर आल्यावर थांबला.

"इथे. याच्या खाली कापा."

नणंदेनं कापलं. मोरादेकेनं पेड उलगडले, गंगावन झाडून टाकलं, आणि जे उरलं ते अवेरोचं होतं. मोकळा झाल्याबरोबर केस आखडून खांद्यापर्यंत वर गेला, पण मोरादेकेनं टोक धरून हलकेच ताणला तेव्हा सगळ्यांनी बघितलं, पाठीच्या मध्यापर्यंत. एवढे केस आहेत हे नणंदेला ठाऊक नव्हतं, गल्लीला नव्हतं, मलाही नव्हतं. अवेरो कधी मिरवली नाही, आणि जिला माहीत होतं ती बोलत नव्हती.

नणंदेनं कात्री तिच्या हातात दिली. "कर तू. पण दिवस मावळायच्या आत."

एकटीच्या हातानं ते होणारं नव्हतं, हे मोरादेकेला कळत होतं. तिनं दाराकडे तोंड करून हाक मारली, गल्लीतल्या सगळ्या पोरींना, अवेरोच्या हाताखालच्यांनासुद्धा. "या गं, बसा भोवती! मी चिमटीत धरेन त्याच्या खाली कापायचं, मग सोडवायचं. ओढलंत तर याद राखा." जिनं आपल्या सुरू केलेल्या डोक्याला दुसरीचा हात लागला म्हणून अकरा वर्षं काढली, तिनं त्या दिवशी आपणच विणलेल्या डोक्यावर सात पोरींचे हात बसवले.

मीही पुढे सरकले, तर ती गुरगुरली, "तू नाही! मिरची."

आणि अवेरो हसली. हसली म्हणजे नाकातून जेमतेम हुंकार आला, पण पहाटेपासून तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज होता. पाठोपाठ ती रडायला लागली, पोट धरून, लहान पोरासारखी. मोरादेकेनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि अंगठा चालूच ठेवला. एक वेणी, दुसरी, तिसरी.

बऱ्याच वेळानं मांडीतून आवाज आला. "ती नवरी रडत होती, मोरादेके."

कुठली नवरी, हे पोरींना कळलं नाही. मला कळलं.

"माहीत आहे मला," मोरादेके म्हणाली. "मी अमाला खात बसले होते. मान जरा इकडे कर."

गावाकडची माणसं आली तेव्हा ऊन अंगणाच्या भिंतीवर होतं, आणि अवेरो सगळे केस मोकळे सोडून बसली होती.

पुढचे सुतकाचे चाळीस दिवस अवेरोनं घर सोडलं नाही. मोरादेके रोज संध्याकाळी तिच्याकडे जायची. काय बोलायच्या देव जाणे, मला तिथे काम नव्हतं. पण या चाळीस दिवसांत मोरादेकेच्या डोक्याचं पार झुडूप झालं. जुन्या वेण्या निम्म्या सुटलेल्या, उरलेल्या विटलेल्या. गिऱ्हाइकं तोंडावर टोमणे मारायची, "इया, आधी स्वतःचं बघा!" पोरी म्हणायच्या, "बसा ना, आम्ही घालतो." ती डोक्याचं फडकं अजून खाली ओढायची आणि म्हणायची, "माझ्या डोक्याला माणूस आहे." रात्री घरी जाताना मात्र ती समोरच्या बंद टपरीकडे बघायची. अवेरो पुन्हा फणी हातात धरेल की नाही, या काळजीनं ती वाळली होती. अमालाही अर्धा टाकायला लागली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी समोरच्या टपरीची फळी वर गेली. अवेरो काळ्या कपड्यांत आत बसली, तिनं फण्या पुसल्या, आणि बुटकं स्टूल बाहेर ठेवलं. मोरादेकेनं आपल्या गिऱ्हाइकाला "उद्या ये" म्हणून हाकललं आणि रस्ता ओलांडून गेली.

मी मशीन बंद केलं, हात तीनदा साबणानं धुतले आणि नेहमीसारखी माझं बसायचं फळकूट घेऊन दोघींच्या मधे जाऊन बसले. मोरादेकेनं फडकं सोडलं. अवेरोनं ते झुडूप बघितलं, बोटं आत घातली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. मोरादेके खदखदून हसली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"तुला काय करायचंय?" मोरादेके म्हणाली. "जा, तुझं मशीन बघ."

मी फळकूट उचललं आणि आले परत. डोळे चुरचुरत होते. आता मिरचीच्या हातांनी ते पुसायचीही सोय नाही.